मोठ्या गाडीच्या दिवशी

शेलूबाजारात मालाची मोठी गाडी येणार असली, की केशरबाई घराची चावी शेजारच्या बेबीबाईकडे देऊन जायची. ग्यानबाला ते दिसत होतं. मालावर चढता-उतरताना कमरेची चावी पडून हरवेल म्हणून देत असेल, असं त्याला वाटायचं. त्याने कधी विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काही आहे असंच त्याला वाटलं नाही.

आता केशरबाई नव्हती. ती काविळीने गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ग्यानबा एक गोष्ट आवर्जून सांगायचा. "माह्या कामात तिले कधी खरचटलं बी नाई. इतकी वर्षं संगं काम केलं, पण नखाले धक्का लागू देल्ला नाई." पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तिच्यासाठीच्या बुद्धवंदनेला सगळी वस्ती जमली होती, तेव्हाही तो हेच बोलला आणि लोकांनी माना डोलावल्या. बायकोला आपण जपलं, एवढं एकच त्याच्याजवळ उरलं होतं. त्याच्यावर तो दिवस काढत होता.

काम होतं ट्रकमधून माल उतरवायचं. हायवेला लागून टाइल्सची, पाइपांची, सोलर पंपांची दुकानं झाली, तसा माल लाकडी पॅलेटवर, म्हणजे खालून पोकळ चौकटीवर रचून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून यायला लागला. एकेक पॅलेट म्हणजे दहा-बारा पोत्यांना भारी. दुकानांपुढे माल उतरवायचा धक्का नाही, क्रेन नाही. म्हणून अशा ट्रकच्या मागे एक लोखंडी फळी असते. बटण दाबलं की ती लिफ्टसारखी खाली-वर होते. पॅलेट त्या फळीपर्यंत ओढत आणायचं, फळी जमिनीला टेकवायची आणि पॅलेट दुकानात न्यायचं. ओढायला लागतो पॅलेट जॅक, म्हणजे पुढे दोन लांब लोखंडी सुळे, मागे दांडा आणि खाली लहान चाकं. सुळे पॅलेटखाली घालून दांडा पंपासारखा हलवला, की माल जमिनीपासून चार बोटं उचलला जातो आणि एकटा माणूस तो ढकलू शकतो. गावात असा जॅक फक्त ग्यानबाकडे होता. अकोल्याच्या दुकानातून त्याने तो आणला होता, तिथे होता त्यातला सगळ्यात मोठा बघून.

त्याआधी, आसेगावात असताना, ग्यानबा बैलगाडी हाकायचा. कापूस, कडबा, रेती, काय मिळेल ते भाडं. गाडीत मागच्या बाजूला वजन जास्त झालं की पुढचं जू वर उचलतं आणि गाडी उलार होते. मग एखाद्याला पुढे जुवाजवळ बसवायचं, म्हणजे गाडी सरळ राहते. हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

ट्रकचं काम नवीन होतं तेव्हा एकदा फळी खाली येताना बाहेरच्या बाजूला झुकली आणि माल लादलेला जॅक थोडा कडेकडे सरकला. ग्यानबाने ओळखलं, हे उलार होतं आहे. त्याने केशरबाईला हाक मारली आणि मालावर, ट्रककडच्या अंगाला बसवलं. जॅक थांबला. त्या दिवसापासून रीत पडली. तो खाली बटणाजवळ, केशरबाई वर मालावर, खाली गोणपाटाची घडी, एका हाताने ट्रकच्या दाराची साखळी धरलेली.

"अवो, मले काहून बसवता? दगड ठेवा ना एखांदा," ती सुरुवातीला म्हणाली होती.

"दगडाले साखळी धरता येते का?"

"म्हंजे मी दगडापेक्षा बरी."

"थोडीशी," ग्यानबा म्हणाला, आणि दुकानापुढे उभे असलेले सगळे हसले. केशरबाईही हसली. पुन्हा तिने काही म्हटलं नाही.

ती गेल्यावर काम काही दिवस बंद राहिलं. मुलगा उत्कर्ष मंगरुळपीरच्या डेपोत कंडक्टर, त्याची ड्यूटी कुठल्या कुठे. ग्यानबा ओट्यावर बसून राहायला लागला तशी सून नीलिमाच एक दिवस म्हणाली, "मामाजी, तुमी बटणावर ऱ्हा, मी आत्याबाईच्या जागी बसीन. घरात बसून तुमचं मन आणखी खराब होऊन राह्यलं."

ग्यानबाला बरं वाटलं. पोरगी समजदार आहे, असं वाटलं. दोन-तीन लहान गाड्या आल्या, त्यात पेट्याच होत्या, त्या हातानेच उतरवल्या. मग फुलचंदशेठचा निरोप आला, की टाइल्सची मोठी गाडी येते आहे.

त्या सकाळी नीलिमाने कुलूप लावलं आणि चावी बेबीबाईच्या हातात दिली. बेबीबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. चावी हातात घेऊन ती जरा थांबली.

"तू बी सासूसारखीच वं बाई."

"आत्याबाई देत होत्या ना, म्हणून मी बी देल्ली," नीलिमा म्हणाली. "पडू नाई म्हणून."

"पडू नाई म्हणून कायले?" बेबीबाईने मान हलवली. "लहान गाडी राह्यली त कमरेलेच ऱ्हाये तिच्या. मोठ्या गाडीच्याच दिवशी मले देत जाये. म्हने, बेबी, आज मी वापस नाई आली त लोकायले कुलूप तोडा लागू नाई. मानसं जमतीन, पानी-पिनी लागीन. दार उघडून ठेवजो."

ग्यानबा रस्त्यावर चप्पल घालत उभा होता. त्याने ऐकलं.

"कायले आली नसती वापस?" त्याने विचारलं.

बेबीबाईने वर पाहिलं. तो तिथे आहे हे तिच्या ध्यानात नव्हतं. "आता काय सांगू भाऊ. भ्या वाटे तिले. तुमाले माईत नव्हतं का?"

ग्यानबा चालू लागला. नीलिमा मागून आली. दुकानापर्यंतच्या वाटेत तो केशरबाईचा हात आठवत राहिला, साखळी धरलेला. माल उतरल्यावर ती खाली उडी मारायची आणि तळहात लुगड्याला पुसायची. साखळीचा गंज लागतो म्हणून पुसते, असं त्याला वाटायचं. मूठ किती आवळली असेल, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याचं लक्ष फळीकडे असायचं, मालाकडे असायचं.

गाडी लागलेली होती. ड्रायव्हर वीरेंद्र मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, तिशीतला, या दुकानावर पहिल्यांदाच आलेला. नीलिमा आत चढली, पहिल्या पॅलेटवर तिने केशरबाईचं गोणपाट घडी करून ठेवलं आणि पदर खोचला.

"उतर," ग्यानबा म्हणाला.

"काय झालं मामाजी?"

"उतर म्हनतो ना. कोनी बसनार नाई."

नीलिमा उतरली. फुलचंदशेठ दुकानाच्या दारातून बाहेर आला. "काय लावलं ग्यानबा? गिऱ्हाईक बसलं आहे माझं. सासू बसत होती, सुनेला काय झालं? मेणाची आहे का?"

"तुमीच बसा ना शेठजी," नीलिमा म्हणाली. "वजन बी भरपूर हाय तुमचं."

चहाच्या टपरीवरची माणसं हसली. शेठला राग आला. ग्यानबा म्हणाला, "शेठ, पॅलेट फोडतो. एकेक पेटी हातानं उतरवतो. संध्याकाळलोक होते सगळं."

"संध्याकाळपर्यंत गाडी कोण थांबवणार? तुला जमत नसेल तर बाजूला हो. पवन, चढ रे!"

पवन दुकानातला जुना गडी. त्याने ग्यानबाला हा जॅक कितीदा चालवताना पाहिलं होतं. तो चढला, सुळे घातले, दांडा हलवून माल उचलला आणि उलट पावलांनी पॅलेट फळीवर ओढून आणलं. मग फळीच्या कडेवरून खाली उडी मारून बाजूला झाला, कारण जॅक इतका लांब होता की त्याचा दांडा फळीबाहेर येत होता आणि माणसाला उभं राहायला जागाच उरत नव्हती. ग्यानबाही असंच करायचा.

"मागं कोनी उभं राहू नका!" वीरेंद्र ओरडला आणि त्याने बटण दाबलं.

फळी थोडी खाली आली आणि नेहमीसारखी बाहेर झुकली. जॅक सरकला. आधी हळू, नंतर एकदम. दांडा रस्त्यावर आपटला, सुळे वर उचलले गेले आणि सगळं पॅलेट उलटं होऊन खाली आलं. आवाज असा झाला की टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. टाइल्सच्या पेट्या फुटून रस्ताभर पसरल्या.

शेठ ओरडायला लागला. पवनला काही लागलं नव्हतं, तरी तो स्वतःचे पाय चाचपून पाहत होता. ग्यानबा ढिगाजवळ गेला. पॅलेटचा ट्रककडचा भाग, केशरबाई बसायची तो, आता सगळ्यात खाली होता. त्याच्याखालून गोणपाटाचं एक टोक बाहेर आलेलं होतं. त्याने ते ओढून पाहिलं. निघालं नाही.

शेठने ते पाहिलं आणि ओरडणं सोडून तो नीलिमाकडे पाहू लागला. नीलिमा ग्यानबाच्या मागे उभी होती. तिने त्याच्या सदऱ्याची बाही धरली, ते ग्यानबाला थोड्या वेळाने कळलं.

रस्ता मोकळा करून झाल्यावर वीरेंद्रने चहा सांगितला. सगळे टपरीच्या बाकावर बसले.

"काका, एक विचारू? शेठ म्हणत होते सासू बसे, सासू बसे. कशावर बसे?"

"मालावर."

"कायले?"

"फळी उलार होऊ नाई म्हणून. आतल्या अंगाले वजन."

वीरेंद्र हसला. मग ग्यानबाचं तोंड पाहून त्याने हसू आवरलं. "काका, बैलगाडी मधोमध चाकावर तोललेली ऱ्हायते. तिले बसवा मानूस. हे फळी कायले तोललेली हाय? ते उतारावर झुकते अन् जॅकले चाकं हायेत, म्हणून जॅक घरंगळते. वर मानूस बसला, त तो बी संगं घरंगळीन. फळीच्या कडेले दोन अडसर ऱ्हायतात, ते उभे केले की चाक थांबते. पन तुमचा जॅक एवढा लांब, की अडसर उभेच होत नाई. अन् त्याले ब्रेक बी नाई. अन् मुख्य म्हंजे, फळी खाली घ्यायच्या आधी दांड्याची खिट्टी दाबून माल फळीवर टेकवायचा. पॅलेट टेकलं की हलते कायले? मी बी आज पाह्यलं नाई, पवननं टेकवला असन समजून बटण दाबलं."

"मंग पहिल्या दिवशी थांबला कसा?" ग्यानबा म्हणाला. "ते बसली अन् जॅक थांबला. मी डोळ्यानं पाह्यलं."

"त्या दिवशी माल टेकवला असन तुमी."

"नाई टेकवला. पुन्हा पंप मारा लागते म्हणून मी कधीच टेकवत नव्हतो."

पण बोलता बोलताच त्याला आठवलं. त्या दिवसांत जॅकचा पंप गळत होता. उचललेला माल हळूहळू आपोआप खाली बसायचा. माल स्वतःच फळीवर टेकला होता, म्हणून जॅक थांबला. केशरबाई बसली नसती तरी थांबला असता. आणि पुढच्याच आठवड्यात ग्यानबाने तो पंप दुरुस्त करून आणला होता. पंप सुधारला, आणि तरी वर्षानुवर्षं तो तिला त्या मालावर बसवत राहिला. फळी खाली घेताना तो हळू घ्यायचा, झटका बसू देत नव्हता, कधी नशीब चांगलं होतं, कधी माल कमी होता. तिला खरचटलं नाही ते असं.

वीरेंद्र पुढे काहीतरी सांगत होता. ग्यानबाने चहाचा ग्लास तसाच ठेवला.

नवा जॅक घ्यायला तो नीलिमाला घेऊन अकोल्याला गेला. दुकान तेच होतं. पहिला जॅक घेताना केशरबाई बरोबर होती. तिथे एक आखूड जॅक उभा होता, दांड्यावर हाताने दाबायचा ब्रेक असलेला. बाकी सगळं बघून होईपर्यंत ती तो ब्रेक दाबत आणि सोडत राहिली होती. "हा बरा हाय अवो," ती म्हणाली होती. "दाबलं की थांबते."

"थांबायले नाई घेऊन राह्यलो, चालवायले घेऊन राह्यलो," ग्यानबा म्हणाला होता. दुकानदार हसला होता, नोकर हसले होते. तीही हसली होती, आणि ब्रेकवरचा हात तिने काढून घेतला होता. पैशाची अडचण नव्हती. मोठा जॅक उलट महागच होता. पण मोठं घेतलं म्हणजे सगळं उचलतं, असं ग्यानबाला वाटलं होतं, आणि चारचौघांत बायकोच्या सांगण्यावरून लहान वस्तू घ्यायची त्याची तयारी नव्हती.

दुकानदाराने विचारलं, "गाडीची फळी किती खोल असते?"

"असते… एवढी," ग्यानबाने हात पसरले.

नीलिमाने पिशवीतून सुतळी काढली. तिने वीरेंद्रच्या गाडीची फळी, पॅलेट आणि फुलचंदशेठच्या दुकानाचं दार, तिन्ही मोजून गाठी मारून आणल्या होत्या. दुकानदाराने सुतळी जमिनीवर धरली आणि एकेक जॅक तिच्याशेजारी लावून पाहिला. मोठे सगळे बाद झाले. बॅटरीवर चालणारा एक होता, तो ग्यानबाला आवडला.

"हा स्वतःच एवढा जड आहे, की फळीच्या ताकदीतला मोठा वाटा हाच खाईल," दुकानदार म्हणाला. "लिफ्ट उचलते त्यात माल, जॅक आणि माणूस सगळंच आलं. तुम्हाला हा."

आखूड, दांड्याला ब्रेक, चाकं जरा रुंद, म्हणजे दुकानापुढच्या खडीत रुतणार नाहीत. आखूड असल्याने दांडा ट्रककडे ठेवून माणसाला माल फळीवर ढकलता येतो, कडेकडे पाठ करून ओढावा लागत नाही. नीलिमाने ब्रेक दाबून पाहिला.

"मामाजी, पाहा ना दाबून."

"तूच पाह्य," ग्यानबा म्हणाला आणि पैसे द्यायला गेला.

टाइल्सची दुसरी गाडी घेऊन वीरेंद्रच आला. सकाळी नीलिमाने कुलूप लावलं आणि चावी कमरेला खोचली.

"अवं, आज मोठी गाडी हाय ना?" बेबीबाईने ओट्यावरून हात पुढे केला. "चावी?"

"ऱ्हाऊ द्या मावशी. माह्याजोळच ऱ्हाऊ द्या."

ग्यानबा रस्त्यावर उभा होता. तो पुढे चालू लागला.

काम सोपं होतं. नीलिमा खाली बटणाजवळ बाजूला उभी राहिली. ग्यानबाने ट्रककडून पॅलेट फळीवर ढकललं, कडेला अडसर उभे होते. खिट्टी दाबून माल टेकवला, ब्रेक लावला, तो मागे सरून ट्रकमध्येच थांबला. फळी खाली झुकली, टेकली. काही हललं नाही. नीलिमाने अडसर पाडले, ग्यानबाने खाली उतरून पुन्हा दांडा हलवून माल उचलला आणि दुकानात नेला. मग दुसरं, मग तिसरं. पंप पुन्हा मारायचा म्हणजे दांडा जेमतेम दहा-बारा वेळा हलवायचा होता. त्याचाच कंटाळा तो इतकी वर्षं करत आला होता.

एकदा फळी रिकामी वर येत असताना तो थांबला आणि दाराच्या साखळीकडे पाहत राहिला. केशरबाई बसायची ती गाडी वेगळी होती, साखळीही वेगळी होती.

"काका, झोपले का?" वीरेंद्रने हाक मारली.

"नाई. चल."

दुपारच्या आत गाडी रिकामी झाली. फुलचंदशेठ दारात येऊन म्हणाला, "हे तू आधीच घ्यायला पाहिजे होतंस रे."

"व्हय," ग्यानबा म्हणाला.

घरी आल्यावर नीलिमाने कमरेची चावी काढून कुलूप उघडलं. ओट्यावर आसेगावचा एक पाहुणा येऊन बसला होता, केशरबाईच्या माहेरकडचा. त्याला बातमी उशिरा कळली होती. जयभीम झाला, पाणी झालं. पाहुणा म्हणाला, "लय कष्टाळू होती बाई. तुमच्यासंगं गाड्यायवर बी काम करे म्हनतात. जडच काम ते."

ग्यानबा खांबाला टेकून बसला. बोलायला त्याने तोंड उघडलं ते सवयीनेच. "माह्या कामात तिले कधी…"

पाहुणा ऐकत होता. आत नीलिमाने चुलीजवळ भांडं ठेवल्याचा आवाज आला. चावी तिने दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली होती.

"काय म्हनत होते?" पाहुण्याने विचारलं.

"काई नाई," ग्यानबा म्हणाला. "चहा घ्या."